रिकामी बरणी

आसोदा,
१६ जानेवारी २०२५

दिपमाला,

वर नुसतं नाव लिहिलंय म्हणून रागावू नकोस. आधी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं, मग 'सौ.' खोडलं. खोडल्यावर कागद वाईट दिसायला लागला म्हणून फाडला आणि दुसरा घेतला. दिवाळीनंतर जळगावच्या कोर्टात हितेंद्रचा आणि तुझा निकाल लागला, तेव्हापासून तुला काय लिहायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही. काडीमोड नवरा-बायकोचा झाला. सासू-सुनेचा कोणत्या कोर्टात होतो, ते वकिलाला विचारायचं राहूनच गेलं.

पत्र लिहितेय, कारण फोन तू उचलत नाहीस. वॉट्सॅपवर मी देवाचे फोटो पाठवते, केळीच्या बागेचे पाठवते, त्या दोन खुणा निळ्या होतात आणि पुढे काही नाही. म्हणजे बघतेस. बघ बापा, पण एक 'बरं' लिहायला काय बोटं दुखतात? तुझे सासरे, आपले नाना, म्हणतात, "काहून तिच्या मागं लागली तू? सोड ना." सोडणं मला जमत नाही, तुला माहीत आहे.

आता कामाचं. तू गेल्या उन्हाळ्यात गेलीस तेव्हा धाब्यावर, आपल्या मातीच्या गच्चीवर, मधाच्या दोन बरण्या मुरत होत्या, एक पळसाच्या फुलांची आणि एक करवंदांची. मी भुसावळला अक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. परत आले तर तुझ्या खोलीला बाहेरून कडी, आणि धाब्यावर दोन्ही बरण्यांच्या तोंडाला नवं फडकं बांधलेलं. जाताना मला एक फोन केला नाहीस, पण फडकी बदलायला विसरली नाहीस. मला कोर्टाचा राग नाही आला इतका त्या फडक्यांचा आला.

पळसाचा मध मी गाळला. रंग असा उतरलाय की नाना म्हणाले केशर घातलं का. करवंदाच्या बरणीला हात लावलेला नाही. करवंदं आतच राहू द्यायची की काढायची, ते तू सांगायची होतीस. तू सांगितलं नाहीस, म्हणून ती अजून तशीच फळीवर आहे.

पळसाची बरणी हिलालजवळ देतेय. आपल्या गल्लीतला हिलाल आता जळगाव-धुळे गाडीवर कंडक्टर आहे. तू कामाला जातेस तो दवाखाना धुळ्याच्या स्टँडजवळच आहे म्हणाला, नेऊन देईन. सोबत तिळगूळ आहे. संक्रांतीचं ते गोड बोलायचं वगैरे मी तुला म्हणणार नाही. गोड नको. नुसतं बोल.

कुंदाबाई
(खाली 'तुझी सासू' लिहू की नको, तू ठरव आणि कळव.)

आसोदा,
६ फेब्रुवारी २०२५

दिपमाला,

बरणी मिळाली. घासलेली, पुसलेली, झाकण वेगळ्या कागदात गुंडाळलेलं, आणि आत काहीही नाही.

अवं, रिकामं भांडं परत करतात का कोणी? शेजारणीची भाजीची वाटीसुद्धा माणूस चिमूटभर साखर घालून परत देतं. आणि हे मी तुला शिकवलेलं नाही. तू नवी नवी लग्न होऊन आलीस तेव्हा झुंबरबाईची वाटी मी धुऊन तशीच द्यायला निघाले होते, तर तू माझ्या हातातून घेतलीस, चार बोरं टाकलीस आणि म्हणालीस, "आई, भांडं रिकामं जाऊ नये." तेव्हा मला राग आला होता, काल आलेली पोर मला शिकवते म्हणून. त्यामुळे ही चूक नाही हे मला समजतं. हा निरोप आहे. वाचला.

वाचला, पण ऐकणार नाही. मी पुन्हा लिहितेय.

परवा हितेंद्रचा पुण्याहून फोन होता. आवाज जरा मऊ वाटला. तुझी चौकशी केली. माणसाला उशिरा समजतं, दिपमाला. तू एकदा येऊन तर जा. तुझी खोली तशीच आहे, कपाटाला मी किल्लीसुद्धा लावलेली नाही. तो पुण्यात आणि तू इथे, अशी इतकी वर्षं काढलीच ना तू आमच्याबरोबर? मला तर कधी वाटलंच नाही की ह्या घरात कोणी कमी आहे. त्याचं लग्न झालं ते बहुतेक माझ्यासाठीच झालं होतं.

आता हसू नकोस. मला तो दिवस आठवतो, तुझं पहिलं वर्ष. मधवाल्या तोतारामने पालच्या जंगलातला मध आणून दिला होता, आणि तू मला न विचारता अर्धा डबा फुलांवर ओतून टाकलास. शिरपूरकडे तुझी आई असाच मुरवायची म्हणे. मी डबा उघडला आणि ओरडले, मध कुठे गेला? तू तुमच्या धुळ्याकडच्या बोलीत तोंड पाडून म्हणालीस, "आई, मध बठ्ठा सरी गया." सगळा संपला म्हणे. नाना हसून हसून खोकले. पुढे कितीतरी दिवस घरात काहीही संपलं की, मीठ असो की गॅस, नाना तेच म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

नानांना ह्या थंडीत खोकला धरलाय. रानबोरं वाळवून, टोचून मधात टाकली होती, त्यातला मध त्यांना देते. तीच बरणी पाठवतेय. बोरं नीट चावून खा, आत बी आहे.

बरणी परत पाठवशील तेव्हा आत खडा टाकलास तरी चालेल.

कुंदाबाई

आसोदा,
३ मार्च २०२५

दिपमाला,

खडा नाहीच टाकलास. पुन्हा रिकामी. नाना म्हणाले, "पोरगी तुझ्यावर गेली." म्हटलं, माझ्यावर कशी जाईल, माझ्या पोटची आहे का? ते उठून ओट्यावर गेले. मग मीही भाकऱ्या करत बसले.

पालच्या जंगलात पळसाची फुलं वेचायला जाऊन आले. तू नाहीस म्हणून झुंबरबाईला घेऊन गेले. ही शेजारीण रस्ताभर आपल्या लेकीच्या सासरचं सांगत होती, फुलं वेचताना पण तेच, आणि निम्मी फुलं तिने खाली पडलेली उचलली. तू असतीस तर तिच्या हातावर चापट मारली असतीस. पडलेलं फूल घ्यायचं नाही, त्यात ओल असते, मुंग्या असतात. झाडावरचं, ऊन लागलेलं, सकाळचं दव उडून गेल्यावरचं. मी तिला हे सगळं सांगितलं आणि सांगता सांगता कळलं की हे माझं बोलणं नाही, तुझं आहे. तोंड माझं, शब्द तुझे. बसमध्ये येताना खिडकीकडे तोंड करून बसले.

पळस ह्या वर्षी वेडा फुललाय. पानं नाहीत, नुसता लाल. पाकळ्या सावलीत पसरल्या, देठं काढली, मग बरणीत एक थर पाकळ्या, वर मध, पुन्हा पाकळ्या. धाब्यावर दिवसा ऊन, संध्याकाळी आत. गुडघे दुखतात जिना चढताना. पूर्वी मी खालून हाक मारायचे, "माला, बरण्या आत घेतल्या का?" आणि तू वरून म्हणायचीस, "आई, मी शे ना." मी आहे ना, पण तुझ्या बोलीत; काही झालं तरी तुझं तेच. नानांना ताप आला, मी शे ना. केळीचं वादळात नुकसान झालं, मी शे ना. ते दोन शब्द ऐकले की माझं अर्धं काम व्हायचं. आता बरण्या आत घेते तेव्हा कोणी काही म्हणत नाही.

एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात हितेंद्रने तुझी चौकशी केली असं लिहिलं होतं. केली होती, खोटं नाही. त्याने विचारलं, "तिचं कपाट रिकामं झालं का? मला इकडे लागेल." तो पुण्यात दुसरं घर लावतोय. त्या मुलीचा फोटोही पाठवलाय. चांगली दिसते, मी काही म्हणत नाही. मी आई आहे, माझं तोंड शिवलेलं आहे. पण कपाट मी दिलेलं नाही. म्हटलं, पाय तुटलेत त्याचे, चढवता येणार नाही गाडीत. नाना ऐकत होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

म्हणजे आता मी तुला 'ये' म्हणते ते कोणासाठी, ते तुला समजलं असेल. हितेंद्रसाठी म्हणायची सोय राहिली नाही.

पळसाची बरणी पाठवतेय, पण मुद्दाम अर्धी मुरलेली. राहिलेली तू मुरव. दुपारचं ऊन दे, फडकं बदल, लाकडी चमच्याने हलव. तुझ्या खोलीला गच्ची आहे ना? ह्या निमित्ताने तू रोज एकदा बरणीकडे बघशील. इतकं तरी कर.

कुंदाबाई

आसोदा,
२५ मार्च २०२५

माला,

'दिपमाला' लिहायचा राग गेला माझा. बरणी आली! जड आली! हिलालने पिशवी हातात दिली तेव्हाच वजन कळलं, आणि मी तिथे रस्त्यावरच झाकण उघडलं. मोहाची फुलं. ताजी, फिक्कट, गळ्यापर्यंत भरलेली. वास आला आणि मला काही सुचेना. हिलाल म्हणाला, "काकू, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही रे, भांडं भरून आलं."

चिठ्ठी शोधली. पिशवी उलटी केली, कागद झटकला. नाही. बरं, नसू दे. मी कुठे रोज जेवणात मीठ किती पडलं ते बोलून दाखवते? चव कळतेच ना.

नानांना दाखवली तर त्यांनी एक फूल तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गोड आहे." नंतर मी बघितलं, ते ओट्यावर बसून डोळे पुसत होते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते धूळ गेली.

लगेच कामाला लागले. तोतारामकडचा मध होता, फुलं मोठ्या बरणीत घातली, मध ओतला, धाब्यावर ठेवली. आपण मोहाचं कधी केलं नव्हतं, आठवतं? नाना माळकरी, घरात मोह नको, असं मीच म्हणत होते. पण तू पाठवलेलं मी फेकू का?

आणि आता दुसरी गोष्ट. नाही लिहिणार असं ठरवलं होतं, पण मला पोटात ठेवता येत नाही. हिलाल सांगत होता, बरणी गाडीत तुझ्या हातून नाही, एका माणसाच्या हातून आली. तू बाजूला उभी होतीस. उंच आहे म्हणे, सावळा, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. त्याने बरणी हिलालच्या सीटखाली ठेवली, ती कलंडू नये म्हणून स्वतःचा रुमाल दोन्ही बाजूंनी खोचला. तो रुमाल माझ्याकडे आला आहे. निळ्या चौकड्यांचा.

कोण आहे तो?

मला विचारायचा हक्क नाही, माहीत आहे. तुझ्यावर आता आमचा काय हक्क. पण मी तो रुमाल धुतला, वाळत घातला आणि दोन दिवस दोरीवरून काढलाच नाही. येता-जाता त्याच्याकडे बघत होते.

कुंदाबाई

आसोदा,
८ एप्रिल २०२५

माला,

घरात तमाशा झाला. लिहिताना हसू येतंय की रडू, ते मला कळत नाही.

तू पाठवलेला मोह मी मधात घातला ते लिहिलंच होतं. ह्या उन्हात बरणीला फेस यायला लागला. बारीक बारीक बुडबुडे. मला वाटलं, मुरतोय, छान मुरतोय! झाकण उघडलं की फुस्स करायचं. मी झुंबरबाईला बोलावून कौतुकाने दाखवलं, की बघ, जिवंत आहे मध. आणि नानांना खोकल्यासाठी रोज एक चमचा सुरू केला. नानांना आवडला. चमच्याचा डाव झाला, डावाची वाटी कधी झाली मला कळलंच नाही. मी भाजी निवडत होते, ते स्वतःच घेत होते.

रविवारी भर दुपारी नाना ओट्यावर बसून मोठमोठ्याने अभंग म्हणायला लागले. टाळ नाही, तर ताट वाजवत होते. शेजारचे जमा झाले. समोरच्या घरातले आबा आले, त्यांना नानांनी मिठी मारली. चाळीस वर्षांत ज्या माणसाने माझा हात चारचौघांत धरला नाही, तो मला म्हणतो, "कुंदा, तू लय चांगली आहे व." झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. आबांनी नानांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "नाना, काय प्यालात?" नाना म्हणाले, "सुनेने पाठवलेला मध."

अरे देवा! गळ्यात तुळशीची माळ, आणि पोटात मोहाची दारू. मी बरणीचा वास घेतला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाना संध्याकाळी उठले, त्यांना कळलं, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी देवापुढे नाक घासलं. आणि आज मला एकट्यात विचारतात, "बरणी फेकली का?" मी म्हटलं, फेकली. म्हणाले, "बठ्ठी?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "बरं केलं." पण तोंड पडलं त्यांचं.

बघ, 'बठ्ठी' म्हणाले. तुझा शब्द. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

माला, माझं काय चुकलं ते तरी सांग. पळसाचं कधी असं झालं नाही, बोरांचं झालं नाही. मोह कसा घालतात? आणि तो रुमालवाला कोण आहे? दोन प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दे, दुसऱ्याचं मी ओळखून घेईन. मला फार आठवण येते ग. तुझ्याशी भांडायचीसुद्धा आठवण येते. घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकटीच बोलते, आणि एकटीचं बोलणं कोणी मोडून काढत नाही म्हणून ते लांबतच जातं.

बरणी धुऊन पाठवतेय. रुमाल आत आहे, इस्त्री करून. म्हणजे रिकामी नाही पाठवली.

कुंदाबाई

आसोदा,
१७ एप्रिल २०२५

माला,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची. इतक्या वेळा वाचली की कागदाची घडी फाटली.

पहिला शब्द 'आई' आहे. ती ओळ मी नानांना वाचून दाखवली: "आई, मोहाची फुलं कडक वाळवून घालायची असतात, ओली घातली की ती आंबतात, नानांना माझा नमस्कार सांगा आणि माफी मागा." नाना हसले. माळ हातात धरून म्हणाले, "माफ केलं म्हणावं. पाव्हण्याला नको म्हणावं पाजू."

कारण पुढच्या दोन ओळी त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखल्या.

तर प्रेमराज नाव आहे. धुळ्यात मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, आई आहे, शिरपूरकडे गाव आहे, बांधावर मोहाची झाडं आहेत. एकवीस तारखेला कोर्टात लग्न. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते," असं तू लिहिलंस.

वाटलं वाईट. वाटलं. खोटं कशाला बोलू? मी धाब्यावर जाऊन रडले. त्या माणसाने बरणीला रुमाल खोचला म्हणजे तो चांगला असणार, हे मला रुमाल दोरीवर होता तेव्हाच समजलं होतं. तुझं भलं होतंय, मला दिसतंय. पण आतापर्यंत तू हितेंद्रची नव्हतीस, पण दुसऱ्या कोणाची पण नव्हतीस. मला वाटायचं, उरलेली माझी आहे. आता तुझी सासू दुसरी. ती तुला खालून हाक मारणार, आणि तू तिला म्हणणार, मी शे ना.

मी लग्नाला येणार नाही. कोण म्हणून येऊ? मांडवात, कोर्टात, कुठेही, आलेल्या बाईला विचारतात की तुम्ही मुलीच्या कोण. मी काय सांगू? मुलीची मागची सासू? लोक हसतील तुला.

सुखी राहा. दुसरी बरणी भरून पाठवत नाहीये. ह्या वेळी मन होत नाही.

कुंदाबाई

आसोदा,
२६ एप्रिल २०२५

माला,

लग्न झालं असेल. हिलालने सांगितलं, हिरव्या साडीत होतीस आणि कोर्टाच्या पायरीवर हसत होतीस. मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते खरं होतं, पण आता त्यावर पाणी सोड. ह्यात वेगळं आहे.

काल मी ओट्यावर गहू निवडत होते. आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, आलीय ना, गल्लीत धांदल आहे. घागरी आल्यात, डांगरं आलीत, कडुनिंबाला पोरांनी झोक्याचे दोर बांधलेत. ज्याच्या त्याच्या लेकी यायच्यात. झुंबरबाईचा मुलगा मोटरसायकल पुसत होता, बहिणीला आणायला मुराळी म्हणून निघाला होता. तू तुझ्या गावी पण हेच बघितलं असशील, मुराळी आला की पोरगी सासरच्या दारात आधी पिशवी भरते आणि मग पाणी विचारते.

मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, मुरत घातलेलं काढायला जो जातो तो मुराळी. लोणचं, मुरांबा, मुराळी. माझे भाऊ मला अजून चिडवतात त्यावरून.

तर झुंबरबाई दारातून म्हणाली, "कुंदाबाई, तुमच्याकडे कोण यायचं आखाजीला?" दर वर्षी विचारते, सवयीने, आणि दर वर्षी मी म्हणते, कोण येणार बाई, मला कुठे लेक आहे. ह्या वर्षी माझ्या तोंडून निघालं, "माला येतेय."

ती हसायला लागली. म्हणाली, "सून कधी आखाजीला येते का व? सून तर जाते."

खरं आहे. आखाजीला सून घरातून जाते, येते ती लेक. अख्ख्या खानदेशात शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि मला चूक सुधारताच आली नाही. गहू तसेच ठेवून मी आत आले. मग मला एक एक आठवायला लागलं. दर आखाजीला गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या आणि तू धाब्यावर असायचीस. म्हणायचीस, आई, करवंदांचा मध हलवायचाय, आत्ता सोडून कशी जाऊ. मी म्हणायचे, बरं. तुझी आई गेल्यापासून तुझ्या भावाने, नवलने, एकदाही मुराळी धाडला नव्हता, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. दोघी मधावर बोलत राहायचो. खाली झोक्यावर दुसऱ्यांच्या लेकी, आणि वर आपण दोघी. एकीला लेक नाही, एकीला माहेर नाही. इतकी वर्षं एका धाब्यावर बसून आपल्याला सुचलं कसं नाही ग?

नानांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, येडी झाली का तू. ते उठले, न्हाणीमागून जुना दोर काढून आणला, ओढून बघितला आणि म्हणाले, "दोर नवा लागंल. पोरीचं वजन वाढलं असंल." संध्याकाळी नवा दोर आणून कडुनिंबाला बांधला. आपल्या कडुनिंबाला, माला. आजवर त्याला झोका माहीत नव्हता. आता ते बरं बांधलं की नाही बघायला स्वतः बसतात आणि कोणी आलं की उठतात.

मुराळी कोण म्हणशील, तर मी. बाई मुराळी जात नाही, माहीत आहे. पण हितेंद्रला पाठवता येत नाही, आणि नाना गाडीत बसले की त्यांना मळमळतं. मंगळवारी सकाळच्या हिलालच्या गाडीने निघते. सांजोऱ्यांचा डबा आणतेय, व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. प्रेमराजरावांना सांग, दोनच दिवस नेते, आखाजी झाली की त्यांनी घ्यायला यावं, आसोद्याचं भरीत खाऊन जावं. मोहाचं काही मिळणार नाही.

मला भीती वाटते, खोटं बोलत नाही. तुझ्या सासूबाई दार उघडतील आणि विचारतील, तुम्ही कोण? मी बसमध्ये तेच घोकत येणार आहे. मागची सासू नाही सांगणार. कुंदाबाई पण नाही. सांगेन, मी मालाच्या माहेरची.

तेव्हा तू आत असलीस तर गप्प बसू नकोस. एवढंच कर. त्या म्हणतील, हिला तर माहेर नाही. तेव्हा बाहेर ये, माझ्याकडे बघ. नाही आलीस तरी मी समजून घेईन, डबा देऊन, पाणी पिऊन परत येईन, पण ये ग. तुला 'नाही' म्हणणं जड जाईल असं काही मी करणार नाही. दारात उभी राहून फक्त हाक मारेन, आणि तू काही विचारायच्या आत सांगेन, मी शे ना.

करवंदांची बरणी अजून फळीवर आहे, तू फडकं बांधून गेलीस तशी. ती तू आल्यावरच उघडायची.

आणि रुमाल घालून धाडलेली बरणी तुझ्याकडेच आहे, ती सोबत घे. आत काही घालू नकोस. साखर नको, फूल नको, चार बोरं पण नकोत. लेक माहेरी येताना भांडं रिकामंच आणते. भरून द्यायचं काम आमचं.

तुझी,
आई